लाईट गेली की यूपीएसही जातो? बॅटरी घरच्या घरी बदलताना

लाईट जाते, टेबलाखालचा यूपीएस 'टक्' असा आवाज करतो, एकदा केविलवाणा ओरडतो आणि पुढच्याच क्षणी कॉम्प्युटर बंद. अर्धवट भरलेला फॉर्म गेला, बिल गेलं. सोलापुरात हे रडगाणं साधारण दोन उन्हाळे झाले की सुरू होतं, मग ते नव्या पेठेतलं झेरॉक्सचं दुकान असो, सेवा केंद्र असो, की पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला ठेवलेला कॉम्प्युटर. अशा वेळी बहुतेक जण 'यूपीएस खराब झाला' म्हणतात आणि नवा आणतात. खरं तर बऱ्याचदा यूपीएस ठणठणीत असतो, आतली बॅटरी मेलेली असते. ती बदलायला एक स्क्रू ड्रायव्हर, व्होल्ट मोजायचा एक मीटर (मल्टिमीटर) आणि शांत डोक्याची वीस मिनिटं लागतात. डोकं शांत हवं, कारण या कामात होणारी मोठी चूक एकच असते आणि ती एका सेकंदात होते.

हा लेख ६०० ते ११०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसची ताकद सांगणारा आकडा) छोट्या यूपीएसबद्दल आहे. घरात पंखे-दिवे चालवणारा इन्व्हर्टर आणि त्याची दीडशे एएचची (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर बॅटरी हा वेगळा प्राणी. तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं, याच्या बॅटरीला लागत नाही. आणि तीन केव्हीएचा (३००० व्हीएचा) ऑनलाइन, म्हणजे सतत स्वतःच्या इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा, यूपीएस असेल तर स्वतः हात घालू नका. त्यात सहा किंवा आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे ७२ किंवा ९६ व्होल्ट डीसी. एवढ्या डीसीचा झटका जिवावर बेततो.

आत काय असतं

६०० व्हीएच्या डब्यात बहुतेक करून १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. हजार-अकराशे व्हीएच्या डब्यात तशाच दोन, एकापुढे एक जोडलेल्या, मिळून २४ व्होल्ट. दुकानात हिला 'एसएमएफ' म्हणतात (सील्ड मेंटेनन्स फ्री, म्हणजे पाणी घालावं न लागणारी बंद बॅटरी). लांबी १५१ मिलिमीटर, रुंदी ६५, उंची टर्मिनलसकट शंभरच्या आसपास, वजन दोन ते अडीच किलो. ही मापं जवळजवळ सगळ्या कंपन्यांची सारखीच, म्हणून एका कंपनीच्या यूपीएसमध्ये दुसऱ्या कंपनीची बॅटरी बिनदिक्कत बसते.

बॅटरीच्या पोटात सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये काचेच्या तंतूंची गादी, ब्लॉटिंग पेपरासारखी. ॲसिड त्या गादीत शोषलेलं असतं, म्हणून बॅटरी आडवी ठेवली तरी सांडत नाही. वर झाकणाखाली रबराच्या छोट्या टोप्या असतात. आत गॅस फार झाला तर त्या उचलल्या जातात आणि गॅस बाहेर पडतो. बाहेरचं काही आत येत नाही. एकदा बाहेर पडलेलं पाणी मात्र परत येत नाही.

आता एएचच्या आकड्याचं गणित, कारण इथे लोक फसतात. बारा व्होल्ट गुणिले सात म्हणजे ८४ वॅट-तास. मग दीडशे वॅटचा कॉम्प्युटर अर्धा तास तरी चालायला हवा, असा हिशेब मनात होतो. पण सात एएच हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा आहे, म्हणजे फक्त ०.३५ अँपिअर करंट काढला तर. यूपीएस तिच्याकडून पंधरा-वीस अँपिअर एकदम मागतो. इतक्या घाईत पट्ट्यांच्या आतल्या थरापर्यंत ॲसिड पोचतच नाही आणि निम्मा माल आतच राहतो. चांगल्या ७ एएच बॅटरीच्या माहितीपत्रकात बघितलं तर पंधरा मिनिटांत रिकामी करायची असेल तर ती खणामागे २८ वॅटच्या आसपास देते. सहा खणांचे झाले १६८ वॅट. त्यातला पाचवा हिस्सा यूपीएस स्वतः गरम होण्यात खातो. हाती उरतात १३० वॅट, पंधरा मिनिटं. कोऱ्या करकरीत बॅटरीवर, लक्षात ठेवा. कुणी ६०० व्हीएवर तासभर बॅकअप सांगत असेल तर तो फार तर वायफाय राउटरचा असेल.

सोलापूरचं ऊन आणि शिसं

बॅटरीच्या डब्यावर तीन ते पाच वर्षांचं आयुष्य सांगितलेलं असतं, पण ते २५ अंश तापमानाला. त्याच्या वर दर आठ ते दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. इथे एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४० ते ४३ अंश. पत्र्याखालच्या खोलीत संध्याकाळी सातलाही भिंती भट्टीसारख्या. त्यात यूपीएसच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर चोवीस तास कोमट असतो, त्यामुळे बॅटरीला खोलीपेक्षा आणखी चार-पाच अंश जास्त सोसावे लागतात. ३५ अंशाला पाच वर्षांची अडीच वर्षं होतात, ४५ ला सव्वा. हिवाळा-पावसाळ्याचे महिने धरून सरासरी काढली तर दोन उन्हाळे हा हिशेब बरोबर बसतो. बॅटरी बोगस निघाली असं म्हणण्याआधी हे गणित एकदा करून बघावं.

उष्णतेनं होतं काय? एक तर प्लस बाजूच्या पट्टीची शिशाची जाळी गंजत जाते, फुगते, तिच्यावरचा लगदा सुटतो. दुसरं म्हणजे पाणी उडतं. तिसरी गोष्ट जरा आडवाटेची, पण महत्त्वाची. यूपीएसचा चार्जर बॅटरीला सतत १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतो. हा व्होल्टेज २५ अंशासाठी बरोबर आहे. तापमान दर एक अंशानं वाढलं की तो सुमारे १८ मिलिव्होल्टनं कमी व्हायला हवा. म्हणजे २५ अंशाला १३.६५ देत असाल तर ४० अंशाला १३.४ च पुरे. छोट्या यूपीएसमध्ये ही सोय सहसा नसते. त्यामुळे उन्हाळाभर बॅटरी थोडी थोडी जास्तच चार्ज होत राहते, आणखी गरम होते, गरम झाली की आणखी करंट ओढते. या चक्राचा शेवट म्हणजे फुगलेली बॅटरी.

कारखान्यात आणखी एक भर पडते. टॉवेलचे लूम चालतात तिथे हवेत रुई उडत असते. यूपीएसच्या जाळीवर तिचा थर बसतो, हळूहळू नमदा तयार होतो आणि हवा बंद. दर महिन्याला कोरड्या ब्रशनं जाळी साफ केली तर बॅटरीचे काही महिने वाचतात. पाठीमागे वीतभर जागा सोडणं, पश्चिमेच्या भिंतीला न टेकवणं, वर बिलांचे गठ्ठे न रचणं, या फुकटातल्या गोष्टी आहेत आणि महागड्या बॅटरीपेक्षा जास्त कामाच्या.

दोष बॅटरीचाच आहे ना?

बदलायला बसण्याआधी खात्री करून घ्या. कॉम्प्युटर काढून ठेवा आणि यूपीएसला जुन्या पद्धतीचा पिवळा शंभर वॅटचा बल्ब जोडा. एलईडी दिव्याचा लोड फारच कमी, त्यानं काही कळत नाही. बल्ब लावून भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब लगेच विझला किंवा मिनिट-दोन मिनिटांत विझला, तर बॅटरी गेली. बल्ब पंधरा मिनिटं नीट चालला तर बॅटरी बरी आहे, तुमचाच लोड जास्त आहे. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. बहुतेक छोट्या डब्यांवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं सापडेल. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर तो आधी काढा. त्याचा आतला हीटर दर छपाईला आठशे-हजार वॅटचा हिसका देतो. त्याला थेट भिंतीतला सॉकेट द्या.

बॅटरी बाहेर काढल्यावर मीटरनं मोजा. पूर्ण चार्ज, तासभर मोकळी ठेवलेली चांगली बॅटरी १२.७ ते १३ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.५ च्या आसपास अडकली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर एक खण मेला. पण नुसत्या व्होल्टवर भरवसा ठेवू नका. मरणपंथाला लागलेली बॅटरीसुद्धा रिकाम्या हाती १२.८ दाखवते, जोर लावायची वेळ आली की कोसळते. म्हणून गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ६०/५५ वॅटचा बल्ब तिला जोडून बघा. गॅरेजमध्ये एक फिलामेंट गेलेला मिळतो, दुसरं चालू असलं की काम झालं. साडेचार-पाच अँपिअरचा हा लोड असतो. दहा मिनिटांनंतरही मीटर १२ च्या जवळपास असेल तर बॅटरीत जीव आहे. मिनिटाच्या आत १०.५ च्या खाली घसरली तर विषय संपला. बल्बच्या काचेला बोट लावू नका, चटका बसतो.

दुकानात काय मागायचं

जुनी बॅटरी सोबत न्या. 'दादा, यूपीएसची बारा व्होल्ट सात एएच एसएमएफ द्या' एवढं पुरतं, पण समोर येईल ती उलटसुलट करून बघा.

पहिलं, टर्मिनलची रुंदी. चपट्या पट्टीसारखी टर्मिनलं दोन मापांत येतात, ४.८ मिलिमीटर आणि ६.३ मिलिमीटर. यूपीएसच्या वायरचा लग (टोकाची, टर्मिनलवर घट्ट बसणारी धातूची चिमटी) रुंद असेल आणि बॅटरीला अरुंद टर्मिनल, तर लग सैल बसतो. सैल जोडावर वीस अँपिअर गेले की तो तापतो, प्लॅस्टिक वितळतं, आणि बॅटरी नवी असूनही बॅकअप मिळत नाही. हा दोष शोधता शोधता माणूस वेडा होतो. मापाचीच घ्या.

दुसरं, ताजेपणा. पडून राहिलेली बॅटरी महिन्याला तीनेक टक्के आपोआप उतरते, उकाड्यात त्याहून जास्त. सहा महिने दुकानात तशीच राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे जमायला लागतात. अंगावर छापलेली तारीख विचारा आणि काउंटरवरच मीटर लावायला सांगा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा, भाव कितीही उतरवून दिला तरी.

तिसरं, आपल्या भागापुरतं. फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएच बॅटरी दिसायला हुबेहूब अशीच असते, बसतेही नेमकी. सीझनमध्ये ती दुकानात ढिगानं असते आणि कधी कधी हीच पुढे केली जाते. ती कमी करंटवर तासन्‌तास पंप चालवायला बनवलेली. यूपीएसचा वीस अँपिअरचा हिसका तिला मानवेल असं नाही. अंगावर यूपीएस किंवा 'स्टँडबाय' लिहिलेली घ्या.

७ ऐवजी ९ एएच चालेल का? चालेल, आकार तोच असतो. बॅकअप थोडा वाढतो, चार्जिंगला जास्त वेळ लागतो, इतकंच. पण वायरी बाहेर काढून गाडीची मोठी बॅटरी जोडण्याचा उद्योग करू नका. छोट्या यूपीएसचा चार्जर अर्धा-एक अँपिअरचा असतो, मोठी बॅटरी भरता भरता त्याचा जीव जातो. ट्रान्सफॉर्मरही दहा-पंधरा मिनिटांच्या कामासाठी बनवलेला असतो. त्याला तासभर राबवलं तर तो स्वतःच चुलीसारखा तापतो. लिथियमची बॅटरीही, यूपीएसच्या पुस्तकात लिहिलेली नसेल तर, नकोच. चार्जिंगचा व्होल्टेज जुळत नाही आणि एकदम करंट मागितला की तिच्या आतलं संरक्षण सर्किट वीज तोडून मोकळं होतं.

दोन बॅटऱ्यांचा यूपीएस असेल तर दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीच्या, जमलं तर एकाच तारखेच्या. 'एकच गेलीये, एकच टाकू' हा काटकसरीचा सल्ला महागात पडतो. चार्जर दोघींना मिळून २७.३ व्होल्ट देतो. कुणाला किती, हे तो ठरवत नाही. समजा जुनी बॅटरी १२.९ वरच अडली, तर उरलेले १४.४ नवीच्या गळ्यात पडतात, रात्रंदिवस. लाईट गेली की उलटा प्रकार: जुनी आधी रिकामी होते आणि नवी तिच्यातून जबरदस्तीनं करंट ढकलत राहते. वर्षभरात दोन्ही भंगारात.

प्रत्यक्ष काम

हातातली अंगठी, बांगड्या, धातूचा घड्याळाचा पट्टा काढून ठेवा. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण या छोट्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर शंभराहून जास्त अँपिअर वाहतात. अंगठी क्षणात लाल होते आणि बोटात रुतते.

यूपीएसला जोडलेलं सगळं काढा. यूपीएसचं बटण बंद करा. मग भिंतीतून प्लग उपटा, नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून भागवू नका. घरच्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बटण बंद असूनही आत फेज राहतो. काही यूपीएसमध्ये बॅटरीची बाजू मेनपासून वेगळी केलेली नसते, म्हणजे बारा व्होल्टच्या वायरीवरही २३० चा धोका. त्यामुळे प्लग हातात दिसत असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

डबा उलटा करा. काहींना खाली सरकणारं झाकण असतं, मग सोपं. बहुतेकांना चार स्क्रू असतात, तेही खोल भोकांत, म्हणून लांब दांडीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर लागतो. झाकण उचलताना झटका देऊ नका, पुढच्या पॅनेलची बारीक वायर ताणली जाते. आत हिरवा बोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी दिसेल. बोर्डाला हात लावू नका, त्यावरचे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले असतात.

आता मोबाइलनं फोटो काढा. एक वरून, एक टर्मिनलांच्या जवळून. लाल वायर कुठे, काळी कुठे, दोन बॅटऱ्या असतील तर त्यांच्यामधला छोटा जोड कुठून कुठे जातो, सगळं दिसलं पाहिजे. पुढे शंका आली तर आठवणीपेक्षा फोटोवर विश्वास ठेवा.

आधी काळी, म्हणजे मायनसची वायर काढा. वायर धरून ओढायची नाही, लगला पकडीनं धरून हलवत हलवत सोडवायची. सुटलेल्या टोकाला लगेच चिकटपट्टी गुंडाळा. मग लाल. बॅटरी तळाला डबल साइड टेपनं चिकटवलेली असते, बाजूनं पट्टी सरकवून सोडवा. स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटायला गेलात तर खोक्याला भोक पडून ॲसिड बाहेर येईल.

बॅटरी फुगलेली असेल तर ती खाचेत गच्च बसलेली असते. घाई नको. आजूबाजूची प्लॅस्टिकची चौकट, पॅनेल, जे सुटेल ते सोडवून जागा करा. चिरलेली असेल, ओलसर दिसली किंवा डोळे चुरचुरले तर खिडकी उघडा, रबराचे हातमोजे घाला. सांडलेल्या ॲसिडवर खाण्याचा सोडा टाका; फसफसणं थांबलं की पुसून घ्या. अंगावर उडालं तर भरपूर पाणी, डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली आणि मग थेट डॉक्टर. लगवर पांढरी किंवा निळसर-हिरवी पूड जमली असेल तर सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसा, पूर्ण सुकू द्या. निळा-हिरवा रंग म्हणजे ॲसिडनं तांबं खाल्लंय. वायर आतून ठिसूळ झाली असेल तर लग नवा बसवावा लागेल.

नवी बॅटरी जुनीच्याच दिशेनं ठेवा. लग टर्मिनलवर घुसवून बघा. सहज आत-बाहेर होत असेल तर काढून पकडीनं किंचित दाबा आणि पुन्हा बसवा. ढकलायला जोर लागला पाहिजे.

आणि आता ती एका सेकंदाची चूक. प्लस-मायनस उलटे लागले तर यूपीएसच्या बोर्डावरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) तत्क्षणी जातात. नशीब जोरावर असेल तर बोर्डावरचा ३०-४० अँपिअरचा फ्यूज आधी उडतो. म्हणून शेवटचा जोड देण्याआधी मीटर लावायचा. लाल वायर प्लसला जोडा. काळी अजून जोडायची नाही. मीटरचा लाल प्रोब त्या लाल लगवर आणि काळा प्रोब जिथे काळी वायर बसणार आहे त्या टर्मिनलवर टेकवा. आकडा १२.५ ते १३ आणि समोर वजाचं चिन्ह नाही, म्हणजे दिशा बरोबर. दोन बॅटऱ्यांना एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडलेला असतो आणि उरलेल्या दोन टोकांवर २५ ते २६ व्होल्ट यायला हवेत. तिथे १२ च आले तर जोड चुकलाय. शून्य आलं तर जोड लागलेलाच नाही किंवा उलटा लागलाय. उलट, १२ व्होल्टच्या यूपीएसला चुकून २४ दिले तर तो जळलाच समजा. फोटो उघडा, पुन्हा बघा.

सगळं बरोबर असेल तर काळी वायर एका दमात घुसवा. 'चट्' करून बारीक ठिणगी उडेल. दचकू नका, बोर्डावरचे रिकामे कपॅसिटर भरताना ती उडतेच. भिऊन लग टेकवत-काढत राहिलात तर दर वेळी ठिणगी उडते आणि टर्मिनल काळं पडतं. झाकण लावताना वायर स्क्रूखाली दबणार नाही एवढं बघा.

प्लग लावा आणि निदान आठ ते दहा तास काहीही न जोडता चार्ज होऊ द्या. नवी बॅटरी आहे म्हणून लगेच लाईट घालवून बघायची हौस सगळ्यांना असते. ती दुसऱ्या दिवशी भागवा.

दुसऱ्या दिवशी

रात्रभर चार्ज झाल्यावर शंभर वॅटचा तोच बल्ब लावून भिंतीवरचं बटण बंद करा. एका बॅटरीच्या यूपीएसवर पंधरा-वीस मिनिटं मिळायला हवीत. मिळालेला वेळ आणि आजची तारीख कागदावर लिहून यूपीएसच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वर्षी याच बल्बवर हा वेळ निम्मा झालेला दिसला तर बदलायची वेळ जवळ आली, आणि ते तुम्हाला मार्चमध्ये कळेल, वळवाच्या पावसात लाईट गेल्यावर नव्हे.

बल्ब झटपट विझला तर तीन जागा तपासायच्या: सैल लग, बोर्डावरचा उडालेला फ्यूज, आणि चार्जर. पुन्हा रात्रभर चार्जला लावा, सकाळी प्लग काढून डबा उघडा आणि लगेच बॅटरी मोजा. १३ च्या आसपास असेल तर चार्जर चालू आहे. कालच्याच १२.६ वर असेल किंवा त्याहून खाली, तर चार्जरच बंद, आणि हे काम दुरुस्तीवाल्याचं. उलट चार्जर जास्त देत असला तर बॅटरी बरेच दिवस कोमट लागते. चार्जर किती देतो हे प्लग चालू ठेवूनच मोजावं लागतं, म्हणून ते स्वतः करू नका, दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या: एका बॅटरीला १३.५ ते १३.८, दोघींना मिळून २७ ते २७.६. सतत १४.२ च्या वर दिसलं तर नवी बॅटरीही वर्षभरात फुगणार. तिला दोष देण्याआधी चार्जर दुरुस्त करून घ्या.

काही जण जुन्या एसएमएफचं झाकण उचकटून रबरी टोप्या काढतात आणि प्रत्येक खणात थोडं डिस्टिल्ड वॉटर सोडतात. फक्त पाणी उडालेलं असेल तर बॅटरी काही आठवडे उठून बसतेही. पण गंजलेली जाळी पाण्यानं परत येत नाही, टोप्या पुन्हा नीट बसत नाहीत, आणि डब्यात बोर्डाशेजारी ॲसिडची वाफ सुटत राहते. पैसे वाचवायचा हा मार्ग बोर्डाच्या खर्चापर्यंत नेतो.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे दिली की बिलातून थोडी रक्कम वजा होते, तेवढं हक्कानं मागा. तिच्या वजनाचा मोठा भाग शिसंच असतं, म्हणून भंगारातही तिला किंमत आहे. पण ती फोडून शिसं वितळवणाऱ्याच्या हाती देऊ नका, तो धूर मुलांच्या मेंदूला बाधतो. नेताना दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावा. गाडीच्या डिकीत किल्ल्या, सुटे पैसे आणि बॅटरी एकत्र टाकली तर सात रस्ता चौकात पोचेपर्यंत डिकीतून धूर निघू शकतो. काम झालं की हात साबणानं धुवा, मगच भाकरीला लावा.